दोनदा चाळलेला पराग

९ एप्रिल

सा. न. वि. वि.

वर मायन्याची जागा रिकामी सोडली आहे ती विसरभोळेपणाने नव्हे. आधी ‘विहीणबाई’ लिहिलं आणि खोडलं. मग ‘माजी विहीणबाई’ लिहून पाहिलं, तर तुम्ही एखाद्या समितीवरून निवृत्त झाल्यासारखं दिसायला लागलं. ‘भगिनी’ लिहावं तर मी सभेत उभा आहे असं वाटलं. लहानपणी वडिलांनी मला संस्कृत पाठशाळेत घातलं. तिथे चुलत्याच्या मेहुण्यापर्यंत सगळी नाती घोकून घेतली, पण मुलांचा काडीमोड झाल्यावर त्यांच्या आईबापांनी एकमेकांना काय म्हणावं याची सोय कुणी करून ठेवलेली नाही. शेवटी चष्म्याचं दुकान काढलं ते बरंच झालं.

मुलांचं जे झालं ते झालं. माझी लेक आणि तुमचे चिरंजीव दोघंही शहाणे आहेत, फक्त एका घरात नव्हते. त्याबद्दल हे पत्र नाही. हे पत्र झाडाबद्दल आहे.

त्यांच्या लग्नाच्या जेवणानंतर आपण दोघं एका कोपऱ्यात सापडलो होतो, आठवतं? बोलायला विषय नव्हता. तेव्हा तुम्ही म्हणालात, “आमच्या बेकरीच्या मागे एक भयंकर झाड आहे. त्याला पानं नाहीत, खवले आहेत. आम्ही त्याला खवल्या म्हणतो.” मी खुर्चीतून उठलोच. कारण अगदी तसंच झाड माझ्या दुकानाच्या दारात उभं आहे, आधीच्या मालकाने लावलेलं. सूचिपर्णी कुळातलं म्हणे, पण सुया कुठल्या, नुसती त्रिकोणी पाती, आणि प्रत्येकाच्या टोकाला टाचणी.

गेल्या पानगळीत माझ्या झाडाच्या शेंड्यावरचे गोळे पिकून फुटले. नारळाएवढे होते. रस्ताभर बिया पडल्या, बदामापेक्षा लांब. मी हौसेने गोळा केल्या. दाबून पाहिल्या तर सगळ्या चपट्या. आत काही नाही. ग्रंथालयात जाऊन वाचलं, तेव्हा कळलं की या जातीत नर झाड वेगळं आणि मादी वेगळी. माझ्या दारात इतकी वर्षं उभी आहे ती बाई आहे, आणि जवळपास कोसभरातच काय, या अख्ख्या शहरात तिचं कुणी नाही.

तुम्ही तेव्हा म्हणाला होता, तुमच्या खवल्याला काकड्यांसारखं काहीतरी लागतं आणि त्यातून पिवळी भुकटी उडते. तो पराग. म्हणजे खवल्या नर आहे. पराग कोरडा असला तर टपालाने जातो, असं पुस्तक म्हणतं.

माझी विनंती तुमच्या लक्षात आली असेल. कळावे. लोभ होता तेवढाच असू द्यावा. वाढवा म्हणण्याचा अधिकार आता राहिला नाही.

तुमचा (इथेही जागा रिकामी)
चष्मेवाला

१७ एप्रिल

व्याहीबुवा,

मी सरळ व्याहीबुवाच लिहिते. कोर्टाने त्या दोघांना मोकळं केलं, मला कुणी विचारलं नव्हतं.

तुमचं पत्र मी काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं, हसायला आलं म्हणून गिऱ्हाइकाला सुटे पैसे जास्त गेले. ते तुमच्या नावावर टाकले आहेत.

पराग म्हणताय ती भुकटी मला चांगली माहीत आहे. उन्हाळा लागला की खिडकीतल्या ताज्या पावांवर येऊन बसते. लोक विचारतात, बाई, वरून काय भुरभुरलंत? आधी नवरा आणि मी मिळून त्या झाडाला शिव्या घालायचो. आता मी एकटी घालते. एकटीने शिव्या घालण्यात मजा नाही हो.

तर आता ती भुकटी कुणाच्या कामाची आहे हे ऐकून बरं वाटलं. पाठवीन. चाळण्या माझ्याकडे हव्या तेवढ्या बारीक आहेत. फक्त काकड्या कधी उतरवायच्या, वाळवायच्या कशा, ते नीट लिहा. संस्कृतात नको.

मालकाची नवी कुरकूर चालू आहे. भट्टीच्या मागच्या भिंतीला तडा गेलाय, खवल्याची मुळं आत घुसली म्हणतो. मी त्याला ओळखते. भाडं वाढवायचं असलं की त्याला भिंतीत तडे दिसतात.

तुमच्या बाईला सांगा, स्थळ बरं आहे. जरा काटेरी आहे, पण निर्व्यसनी.

तुमची विहीण

५ मे

विहीणबाई,

तुम्ही हुकूम दिल्यावर खोडण्याचा प्रश्न मिटला.

काकड्या हिरव्याच्या तपकिरी व्हायला लागल्या की उतरवायच्या. कागदावर पसरून कोरड्या खोलीत ठेवायच्या, भट्टीजवळ नको, उष्णतेने पराग मरतो. दोन दिवसांत त्या आपण होऊन भुकटी सोडतात. ती चाळून बटरपेपरच्या पुडीत. संस्कृतात याहून कमी शब्द लागले असते.

स्थळाची चौकशी मीही केली. घराणं तसं जुनं आहे. पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाच्या डोंगरांतलं, महाकाय सरडे हिंडत होते त्या काळापासूनचं. बाकीच्या जगात ते कसं आलं त्याची गोष्ट अशी सांगतात: एका जहाजावरच्या वैद्याला तिकडच्या बड्या अधिकाऱ्याने जेवायला बोलावलं. शेवटी ताटात या झाडाच्या बिया आल्या. वैद्याने काही खाल्ल्या, काही गुपचूप खिशात टाकल्या आणि परतीच्या वाटेवर जहाजावरच पेरल्या. चार-पाच रोपं जिवंत पोचली. म्हणजे पाहुण्याने ताटातलं खिशात घातलं, तिथून आपल्या सोयरिकीची सुरुवात आहे. पुढे श्रीमंतांत फॅशन आली. ज्याच्या दारात हे झाड नाही तो कसला श्रीमंत! हौसेने खिडकीपासून हातभर अंतरावर लावलं, आणि ते दहा पुरुष उंच होणार आहे हे कुणी विचारलंच नाही. कुणीतरी म्हणालं, यावर चढायचं कसं हे कोडं माकडालाही सुटायचं नाही. तेव्हापासून ‘माकडाचं कोडं’ हे नाव पडलं. मूळ डोंगरात माकडंच नाहीत, पण नावाला कुठे माहीत.

एक गोष्ट वाचून मात्र मी पुस्तक मिटून ठेवलं. या झाडाचं एकेक पान पंधरा-पंधरा वर्षं फांदी सोडत नाही. म्हणजे मुलांच्या लग्नाच्या दिवशी जी पानं होती ती आजही जागच्या जागी आहेत.

इथल्या पोरांनी एक नियम काढलाय, या झाडाखालून जाताना बोलायचं नाही, बोललं तर शेपूट फुटतं. माझी लेकही लहानपणी पाळायची. आता पोरं मोठी होऊन माणसं झाली तरी सवय राहिली आहे. रस्त्यावर दिवसभर कलकलाट असतो, आणि माझ्या दाराशी आला की मुका होतो. दुकानात बसलं की हे नीट ऐकू येतं. आमची ही होती तोवर मला ते कधी जाणवलं नव्हतं.

असो. काकड्यांकडे लक्ष असू द्या.

तुमचा
चष्मेवाला

२३ जून

व्याहीबुवा,

सोबत पुडी आहे. पिवळी, बारीक, दोनदा चाळलेली. कोरडी ठेवा.

काम फार आहे, जास्त लिहीत नाही. गोळे पिकायला किती काळ लागतो ते कळवा. आणि मध्ये मध्ये काय चाललंय तेही. म्हणजे तुम्हाला वेळ असेल तर.

विहीण

२ जुलै

विहीणबाई,

पुडी सुखरूप पोचली. दुकानातल्या भिंगाखाली धरून नीट पाहिली. अशी वस्तू मला आजवर टपालाने कुणी पाठवली नव्हती.

लगेच कामाला लागलो. माझ्या वरच्या खोलीच्या खिडकीतून झाडाचा शेंडा हातभरावर आहे. पडद्याची दांडी काढली, टोकाला काचा पुसायचा मऊ ब्रश बांधला, आणि एकेका कोवळ्या गोळ्यावर पुडीतली भुकटी टाकली. खाली समोरचा न्हावी दारात उभा होता. तो ओरडला, “चष्मेवाले, हत्तीला पावडर लावताय का?” मी म्हटलं, “लग्न आहे.” तो म्हणाला, “कुणाचं?” आणि झाडाखाली आल्यावर सवयीने गप्प झाला, त्यामुळे मला उत्तर द्यावं लागलं नाही. हात मात्र कोपरापर्यंत ओरबाडून निघाले. या बाईला कुणी हात लावायची सवय नाही. चिमण्यांनी या समारंभात बराच रस घेतला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: घाई करणारं हे झाड नव्हे. यंदा परागण झालं तर गोळे पिकणार पुढच्या वर्षीच्या पानगळीत. मध्ये एक हिवाळा आणि एक अख्खा उन्हाळा आहे. तोवर मी कळवत राहीन. कळवावंच लागेल, तुमच्याकडची बाजू आहे ना.

पुडीत अजून अर्धं शिल्लक आहे. जपून ठेवलंय.

तुमचा
चष्मेवाला

१४ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

तुमची मधली तिन्ही पत्रं मिळाली. गोळे लिंबाएवढे झाले, मग संत्र्याएवढे, वाऱ्याने एक पडला, त्याला तुम्ही खिडकीत ठेवला, सगळं वाचलं. उत्तर दिलं नाही कारण घरात गडबड होती. सांगून टाकते: आमचं ध्यान पुन्हा लग्न करतंय. तुमच्या लेकीच्या कानावर दुसरीकडून जाण्याआधी तुम्हीच सांगा.

नवी मुलगी चांगली आहे. तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण नव्या विहीणबाई येऊन गेल्या. मी त्यांच्यासाठी पहाटे उठून चार प्रकारचे पाव केले. त्या म्हणाल्या, “मी मैदा सोडलाय, वजनासाठी.” बेकरीवालीची विहीण, आणि पाव खात नाही! दोन तास बसल्या, मला एक शब्द सुचेना. मला लग्नातला तो आपला कोपरा आठवला. त्यांच्या दारात काय झाड आहे म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, आम्ही फ्लॅटमध्ये राहतो.

दुपारी भट्टी निवते आणि पुढचं काम पहाटेपर्यंत नसतं. तेवढा वेळ कसा घालवायचा हे मला अजून जमत नाही. रेडिओ लावते. बोलणारा माणूस छान बोलतो, पण तो माझ्याशी बोलत नसतो.

झाडाबद्दल नवीन काही नाही.

गोळ्यांना जपा. पडलेला फेकू नका.

विहीण

२० डिसेंबर

विहीणबाई,

तुमच्या चिरंजिवांची बातमी लेकीला सांगितली. फोनवर ती “बरं” म्हणाली आणि दुसऱ्या आठवड्यात सुट्टी घेऊन स्वतःच इथे आली. आली ती नेमकी माझा टेबलाचा खण आवरायला बसली. तुमची पत्रं वरच होती.

“बाबा, हे काय?”

“पत्रं आहेत.”

“ते दिसतंय. त्यांची? अजून?”

“झाडाविषयी आहेत.”

“झाडाविषयी! मी त्या घरातून उठून आले, आणि तुम्ही त्यांच्याशी झाडाविषयी बोलताय? आता त्यांचा आपला संबंध काय?”

मी म्हटलं, “आपला काही नाही. त्यांचं झाड नर आहे, आपलं मादी. त्या दोघांचं जमेपर्यंत वडीलधाऱ्यांना लिहावं लागतं.”

ती हसली नाही. एरवी माझ्या फालतू विनोदालाही हसते. तिने चष्मा काढला आणि ओढणीने पुसत बसली. ओढणीने काच पुसू नये हे मी तिला दहा वर्षांची असल्यापासून सांगतोय, पण त्या वेळी सांगितलं नाही.

मग म्हणाली, “तुम्ही त्यांना लिहिता तेव्हा मला वाटतं, त्या घराचं दार अजून उघडं आहे आणि वारा येतोय. मला ते लावून घ्यायचंय, बाबा.”

 मी म्हटलं, “बिया पडेपर्यंत लिहू दे.”

“आणि पडल्या की?”

“पडल्या की संपलं.”

“नक्की?”

“नक्की.”

शब्द दिलाय. तुमच्यापासून लपवणं बरं नव्हे म्हणून लिहितो. पानगळीपर्यंत अवकाश आहे.

चष्मेवाला

११ जानेवारी

व्याहीबुवा,

तिचं बरोबर आहे. मी तिची आई असते तर मीही हेच सांगितलं असतं. पानगळीची तरी वाट कशाला बघायची? गोळे आपले आपण पिकतील, त्यांना पत्रं लागत नाहीत. तुम्ही आताच थांबवलंत तरी मी वाईट वाटून घेणार नाही.

नव्या सुनेला पावाची कडक टोकं आवडत नाहीत. ती मऊ मधलं खाते. कापलेली टोकं ठेवायला माझ्याकडे आता कुणी नाही, म्हणून मीच खाते.

विहीण

६ मार्च

विहीणबाई,

तुमच्या सूचनेवर विचार केला आणि ती फेटाळली. अर्धवट पिकलेला गोळा फांदीवर सोडून जाणं हे वधूपक्षाला शोभत नाही.

इथे दोनदा बर्फ पडलं. खवल्यांवर बर्फ ठरत नाही, घसरून सगळं माझ्या पाटीवर. गोळे नारळाएवढे व्हायला आले आहेत. कुणाच्या डोक्यात पडू नयेत म्हणून खाली जाळी बांधली. न्हाव्याला वाटतंय मी मासे धरणार आहे.

चष्म्याच्या फ्रेमा विकणारा आमचा फिरता विक्रेता गेल्या महिन्यात तुमच्या गावावरून इकडे आला. तुमचा पाव खाऊन आला होता आणि कौतुक करत होता. तुमच्या मागच्या आवारात बसून खाल्ला म्हणाला. आवार चांगलं मोकळं, उन्हाचं आहे असंही म्हणाला.

मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना दूरचं जवळ आणून देत आलो, वेळेवर, सांगितलेल्या दिवशी. यंदा पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीला उशीर व्हावा असं वाटतंय.

तुमचा
चष्मेवाला

२९ ऑगस्ट

व्याहीबुवा,

हे नुसतं कार्ड. गोळ्यांचा रंग बदलला का?

विहीण

१९ ऑक्टोबर

विहीणबाई,

गोळे फुटले.

परवा सकाळी दुकान उघडायला खाली आलो तर जाळी भरली होती. एकेक गोळा जागच्या जागी सुटा होतो, पाकळ्या पाकळ्या होऊन, आणि मग बिया खाली येतात. त्यांचा आवाज होतो. टप, टप, दुकानाच्या पत्र्यावर. इतक्या वर्षांत माझ्या दाराशी एवढं बोलणं झालं नव्हतं.

बादलीत पाणी घेतलं. भरलेली बी बुडते, पोकळ तरंगते, असं पुस्तक म्हणतं. सगळ्या ओतल्या. हाताने दाबून, ढवळून पाहिल्या.

सगळ्या तरंगल्या, विहीणबाई. एकही बुडली नाही.

आता तुम्ही स्वतःला दोष द्यायला बसाल, त्याआधी पुढचं वाचा. पुडी आली त्याच दिवशी मी ती भिंगाखाली धरली होती. परागाचे कण गोल असतात, पुस्तकात चित्र आहे. पुडीतले कण कोनाकोनाचे होते. मग चुकून बोट जिभेला लागलं. चव गोडसर होती, ओळखीची. उत्तम मक्याचं पीठ होतं ते, आणि खरोखरच दोनदा चाळलेलं. अहो, चष्मेवाल्याला फसवायचं तर निदान भिंग नसलेला तरी शोधायचा.

का पाठवलंत ते तेव्हा कळलं नव्हतं. विक्रेता आला तेव्हा कळलं. मोकळं, उन्हाचं आवार. मी त्याला विचारलं, मागे एक काटेरी झाड असेल ना? तो म्हणाला, झाड नाही, एक भला मोठा कापलेला बुंधा आहे, त्यावर बाई पावांचे ट्रे ठेवतात. जिथे धूर तिथे अग्नी, एवढं तर्कशास्त्र मला शिकवलेलं आहे. जिथे बुंधा तिथे मालक, आणि जिथे मक्याचं पीठ तिथे पत्र बंद पडू नये असं वाटणारं माणूस.

तुमची सगळी पत्रं मी पुन्हा काढून वाचली. तुम्ही एकदाही खोटं लिहिलेलं नाही. ‘पराग’ असा शब्द पुडीबरोबरच्या पत्रात कुठेच नाही. ‘झाडाबद्दल नवीन काही नाही’ हे तर अक्षरशः खरं. मीही पुडी आली तेव्हाच ठरवलं होतं की आपल्याकडून खोटं जायला नको. म्हणून खिडकीत उभा राहून पडद्याच्या दांडीने मी खरोखरच एकेका गोळ्यावर मक्याचं पीठ भुरभुरलं. तुम्हाला ‘टाकलं’ असं लिहायचं तर टाकायला हवं होतं. चिमण्या दोन दिवस खूश होत्या. उरलेल्या अर्ध्या पुडीची मी हिवाळ्यात लापशी केली. बरी झाली होती, जरा पातळ. एकट्यापुरती करायची म्हटलं की पाण्याचा अंदाज चुकतो.

आता शब्दाचं. काल लेकीला फोन केला.

म्हटलं, “बिया पडल्या.”

“बरं. मग?”

“सगळ्या पोकळ.”

ती मग म्हणाली, “म्हणजे त्यांचं झाड चांगलं नव्हतं?”

मी तिला सगळं सांगितलं, बुंधा, पीठ, चिमण्या, लापशी. आधी काही ऐकू येईना. मला वाटलं फोन कट झाला. मग कळलं ती हसतेय. कोर्टाचा कागद झाल्यापासून असं हसणं मी ऐकलं नव्हतं. “बाबा, दीड वर्षं तुम्ही दोघं पिठाबद्दल एकमेकांना पत्रं लिहीत होता?” म्हणाली. आणि मग, “त्या पावाचं कडक टोक माझ्यासाठी काढून ठेवायच्या. रोज. आमचं भांडण झालं असलं तरी, न बोलता ताटात ठेवायच्या.”

मी म्हटलं, “शब्द दिलाय मी तुला. हे शेवटचं पत्र लिहून देतो.”

“कसला शब्द? बिया पडल्या की, असं ठरलं होतं ना?”

“पडल्याच की.”

“टरफलं पडली, बाबा. टरफलं धरत नाहीत.”

कुणाची मुलगी आहे ते तिने दाखवून दिलं. फोन ठेवताना मात्र म्हणाली, “दार सताड नका उघडू. खिडकीएवढं राहू दे.” तेवढं मी मान्य केलं.

दुसरा नर मी शोधणार नाही. स्थळं बघत हिंडायचं माझं वय गेलं, आणि ती बाईही काही बोलत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा गोळे येतील, पुन्हा पोकळ. तेव्हा यापुढे आपल्यात कळवण्यासारखं काही नाही. झाडाचं कारण संपलं. मुलांचं आधीच संपलं होतं. हे पत्र मी काहीही कारण नसताना संपवतोय आणि पुढचंही तसंच सुरू करीन म्हणतो, तुमची हरकत नसेल तर.

खिडकीत पहिल्या वर्षी पडलेला तो गोळा अजून आहे. वाळून हलका झालाय. फेकलेला नाही.

तुमचा
व्याही

२ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

मेल्या विक्रेत्याला पुन्हा आवारात बसू देणार नाही.

तुमची ती वाळवण्याची पद्धत लिहिलेलं पत्र आलं, त्याच आठवड्यात मालक करवतवाले घेऊन आला. या वेळी तडा खरा होता. हिरव्या काकड्या होत्या वर, मी त्यांच्याकडून उतरवून घेतल्या. कच्च्या होत्या. कागदावर पसरल्या, तुम्ही सांगितलंत तशा, भट्टीपासून लांब. रोज उठून बघायची. सुरकुतल्या, पण भुकटी काही निघाली नाही. तुम्हाला कळवायला बसले, तर पेन हातात घेऊन एवढंच सुचलं की आता हा माणूस मला कशाला लिहील. मग पिठाचा डबा समोर होता.

त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा पाव स्वच्छ निघाले. कुणीच विचारलं नाही, वरून काय भुरभुरलंत. मी खिडकी पुसणंच सोडलं.

हरकत नाही. लिहा.

लेकीला सांगा, टोकं मी पुन्हा काढून ठेवायला लागले आहे. नेहमीच्या डब्यात असतात. तिने यावं असं नाही. फक्त सांगा.

सोबत पुडी आहे. पिवळी, बारीक, दोनदा चाळलेली. या वेळी पीठच आहे. झाडावर टाकू नका, खा. वाटीभर पिठाला चार वाट्या पाणी, म्हणजे पातळ होणार नाही. मीही एकटीपुरतीच करते, त्यामुळे मला अंदाज आहे.

विहीण